दुहेरी रेघ

मराठीच्या प्राध्यापकाला समाजात किती मान आहे हे मी सांगायला नको. पण आमच्या नातेवाइकांची एका बाबतीत माझ्यावर गाढ श्रद्धा आहे. घरात कुणी हट्टाला पेटले, कुणाची समजूत घालायची झाली, की मला बोलावणे येते. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणाऱ्याला एक माणूस काय जड, असा त्यांचा हिशेब. वर्गात पोरे गप्प बसतात ती झोपेमुळे, हे मी अजून कुणाला कळू दिलेले नाही.

तर असेच एकदा भाऊजींचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे, बोलावणे आले. विषय होता आमची भाची. पोरगी हुशार. एम.बी.बी.एस. झाली, मग बालरोगशास्त्रात एम.डी. झाली. भाऊजींनी हमरस्त्यावर एक गाळा घेऊन ठेवला होता, पाटीचा रंगसुद्धा ठरला होता, आणि ऐन वेळी बाईसाहेबांनी जाहीर केले की दवाखाना नाही. आणखी तीन वर्षे शिकायचे आहे. कुठे? लखनौला. कशात? मेडिकल जेनेटिक्समध्ये. आनुवंशिक रोगांच्या शास्त्रात.

"तुम्हीच सांगा," भाऊजी म्हणाले, "पोराला ताप आला की लोक डॉक्टर शोधतात. पणजोबांचं नाक कसं होतं हे विचारायला कुणी पैसे देऊन येतं का?"

ताई मध्येच म्हणाली, "साडेपाच वर्षं एम.बी.बी.एस.ची, तीन एम.डी.ची, आता ही तीन. साडेअकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत माणूस देवळाचा कळसही चढवून होतो. हिचं लग्न कधी करायचं?"

मी तिला माझ्याकडे पाठवून द्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आली. चहा झाला. मी घसा साफ करून सुरुवात केली, की बाई गं, ज्ञान मोठे खरे, पण ज्या रोगांना औषध नाही आणि जे लाखात एखाद्याला होतात, त्यांच्यामागे आयुष्य घालवणे म्हणजे—

"आत्महत्या," ती शांतपणे म्हणाली. "मकुसिकलाही लोक हेच सांगत होते, मामा."

हा मकुसिक कोण हे मला ठाऊक नव्हते. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्याविरुद्ध वाद घालणे अवघड. तेव्हा मी सभा तहकूब केली आणि आठवडाभर त्या माणसाविषयी मिळेल ते वाचत बसलो. वकिलाने विरुद्ध पक्षाचे कागद वाचू नयेत म्हणतात, ते खरे आहे.

व्हिक्टर मकुसिक हे अमेरिकेतल्या मेन नावाच्या थंडगार प्रांतातले. तिथे पार्कमन म्हणून एक लहानसे गाव आहे. वडिलांचा दुधाचा धंदा होता, गाईगुरे होती, आणि शाळा एका खोलीची. १९२१ साली हे जन्मले ते जुळे, आणि जुळेही असे की एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे. भाऊ पुढे कायद्याकडे गेला आणि मेनचा सरन्यायाधीश झाला. व्हिक्टरच्या मनात आधी धर्मोपदेशक व्हायचे होते. पण १९३७ साली, पंधरा वर्षांचे असताना, डाव्या काखेत जंतुसंसर्ग झाला आणि तो काही केल्या हटेना. बोस्टनच्या मोठ्या इस्पितळात कित्येक आठवडे पडून राहावे लागले. शेवटी त्या काळी नव्यानेच आलेल्या सल्फा औषधाने गुण आला. खाटेवर पडल्यापडल्या त्या मुलाने डॉक्टरांना येताजाताना पाहिले आणि बायबलाऐवजी स्टेथोस्कोप हाती घ्यायचे ठरवले.

पुढची हकिकत आमच्या ताईने ऐकली तर तिला बरे वाटेल. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकशाळेत १९४३ साली ते दाखल झाले ते बी.ए.ची पदवी न घेताच. युद्धाचा काळ होता, सगळ्यांनाच घाई होती. १९४६ साली डॉक्टर झाले, आणि मग त्या संस्थेतून उरलेली साठ वर्षे हललेच नाहीत. झाले ते हृदयरोगतज्ज्ञ. हृदयाच्या आवाजांवर १९५८ साली त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला.

मग आनुवंशिकी मध्येच कुठून आली? ती रुग्णांच्या पावलांनी आली. १९४७ साली, नवशिके डॉक्टर असताना, त्यांच्यासमोर एक तरुण मुलगा आला. ओठांवर काळसर ठिपके होते आणि आतड्यात गाठी. ठिपक्यांचा आणि गाठींचा काय संबंध? असेच आणखी काही रुग्ण सापडले, त्यातले काही एकाच घरातले. बोस्टनला जेघर्स नावाच्या डॉक्टरांकडेही असे रुग्ण होते. दोघांनी मिळून १९४९ साली ते प्रसिद्ध केले. पुढे हृदयाच्या रुग्णांत त्यांना काही फार उंच, लांबसडक बोटांची माणसे भेटली. त्यांच्या डोळ्यांतले भिंग सरकलेले आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगलेली. डोळ्यांचा वैद्य डोळे बघे, हाडांचा हाडे बघे, आणि माणूस तीन दारी हिंडे. मकुसिकनी त्याच्या आईबापांना, भावंडांना बोलावून घेतले आणि दाखवून दिले की हे तीन आजार नव्हेत, एकच आहे. शरीरात जी बांधणी सगळीकडे लागते तिच्यातच वंशपरंपरेने उणीव आली आहे. १९५६ साली यावर त्यांचे पुस्तक आले.

त्याच १९५६ सालापर्यंत माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४८ असतात असे सगळी पाठ्यपुस्तके सांगत होती. त्या वर्षी स्वीडनमधल्या दोघांनी नीट मोजून दाखवले की ती ४६ आहेत. ज्या शास्त्राला आपल्या वस्तूंची मोजदादही धड झालेली नव्हती, त्या शास्त्रासाठी १९५७ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, या भरभराटलेल्या हृदयतज्ज्ञाने हॉपकिन्समध्ये नवा विभाग काढला. स्नेही म्हणाले, क्षुल्लक आणि दुर्मिळ रोगांपायी तू आपल्या धंद्याची आत्महत्या करतो आहेस. आमच्या भाऊजींनी इंग्रजीत म्हटले असते तर हेच म्हटले असते.

या माणसाने केले काय, तर याद्या केल्या. मला हे मनापासून आवडले. आमच्याकडे कोशकार, सूचिकार यांना कुणी विचारत नाही. मकुसिकनी आनुवंशिक गुणदोषांची सूचीच केली आणि १९६६ साली ती छापली. तिच्यात १,४८७ नोंदी होत्या. बारा आवृत्त्या निघाल्या, शेवटची १९९८ साली. १९८७ पासून ती संगणकाच्या जाळ्यावर आहे आणि आज नुसत्या जनुकांच्याच नोंदी सोळा हजारांवर गेल्या आहेत. जगातला कुठलाही जनुकतज्ज्ञ अडला की हीच सूची उघडतो. शिकवण्याचीही हौस दांडगी. १९६० पासून मेनमधल्याच बार हार्बर गावी ते दर उन्हाळ्यात डॉक्टरांसाठी वर्ग भरवत. २००८ च्या जुलैत ते वारले, तेव्हा त्या वर्षीचा वर्ग चालू होता.

पण वाचता वाचता मी थबकलो तो आमिश लोकांपाशी. पेनसिल्व्हेनियात हे धर्मभोळे शेतकरी राहतात. ते मोटारी वापरत नाहीत, घोडागाड्यांतून फिरतात आणि लग्ने आपल्यातच करतात. साठोत्तर वर्षांत मकुसिक त्यांच्या घरोघर हिंडले. तिथे काही घरांत ठेंगणी, हाताला सहा बोटे असलेली मुले जन्मत. पुष्कळ तान्हेपणीच जात. अशी पन्नासच्या आसपास माणसे सापडली. आमिशांनी आपल्या घराण्यांच्या वंशावळी छापून ठेवल्या होत्या, त्या घेऊन मकुसिक एकेक पिढी वर चढत गेले, आणि सगळ्या वाटा १७४४ साली अमेरिकेत आलेल्या एका जोडप्यापाशी येऊन मिळाल्या. छापील वंशावळी! म्हणजे आपला कुलवृत्तांतच की. माझ्याही कपाटात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. कापडी बांधणीचा, आणि आजवर फक्त गोत्र बघण्यासाठी उघडलेला.

पुढच्या रविवारी भाची आली ती जिंकलेल्याच्या थाटात नव्हे. मीच विचारले, की तीन वर्षे तिथे शिकवतात तरी काय?

"आधी बघायला शिकवतात," ती म्हणाली. कान किती खाली आहेत, दोन डोळ्यांत अंतर किती, तळहाताच्या रेषा कशा. टेप घेऊन मोजायचे. मग प्रयोगशाळा. तिथे गुणसूत्रे मोजायची आणि जनुकांची अक्षरे वाचायची. "आणि मामा, ती अक्षरं वाचणं म्हणजे तुमचंच काम. प्रत्येक माणसात हजारो ठिकाणी अक्षरं वेगळी असतात. बहुतेकांनी काही बिघडत नाही. एखाद्यानं सगळा अर्थ जातो. कुठलं ते ओळखायचं."

पाठभेद! एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती असेच पाठ ताडून. मी तिला ते सांगितले. ती म्हणाली, "आमच्या अहवालात पुष्कळदा लिहून येतं, की या बदलाचा अर्थ आज सांगता येत नाही. आईबाप समोर बसलेले असतात आणि आपल्याला तसंच सांगावं लागतं. ते सांगायचं कसं, हेही शिकवतात. आणि जोडप्यानं पुढं मूल होऊ द्यावं की नाही, हे आपण ठरवायचं नसतं. समजावून सांगायचं आणि गप्प बसायचं." प्राध्यापकाला यातले शेवटचे कधीच जमणार नाही.

औषधाचे मी विचारलेच. ती म्हणाली, पुष्कळांवर नाही. काहींवर आहे, एका रोगात जन्मल्याबरोबर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासला आणि वेळीच पथ्याचे अन्न दिले, तर जे मूल मतिमंद झाले असते ते चारचौघांसारखे वाढते. आणि दुर्मिळ म्हणावे तर विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे रोगी काय थोडे आहेत? सरकारने त्यासाठी २०२३ साली देशभर मोहीम काढली. मला आठवले, की मुंबईत १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी विरळा रक्तगट शोधला. तो जगभर 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. ही विद्या तशी आपल्याला परकी नाही.

"तुमचा कुलवृत्तांत काढा ना," ती एकदम म्हणाली. "मला घरातली वेल काढून बघायची आहे. सरावाला."

तिने कागद पसरला. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. गेलेल्यावर तिरकी रेघ. लग्नाला आडवी रेघ. माझे आजोबा-आजी, त्यांचे मुलगे, सुना, आम्ही. पेन्सिल भराभर चालली होती. माझ्या धाकट्या काकांपाशी ती थांबली. कुलवृत्तांतात त्यांच्यापुढे एकच शब्द आहे: निःसंतान.

"काकूआजीला मुलं झालीच नाहीत का?"

झाली होती. तीन. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. मी ऐकलेले सांगितले. पहिला मुलगा चारपाच महिन्यांचा असताना मान धरेनासा झाला, अंगावरचे दूध ओढेना, आणि वर्षाच्या आत गेला. दुसऱ्याचे तेच. तिसरी मुलगी आठव्या दिवशीच गेली. मग आजीने काकूचे अंथरूण माजघरात हलवले. तिच्या कुशीलाच खोट आहे, हे आजीचे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले होते, की ते मला माहितीसारखे वाटे, आरोपासारखे नव्हे.

"काकूआजीचं माहेर कुठलं?"

"आजीचंच. आजीने हौसेने आपल्या सख्ख्या भावाची मुलगी सून करून आणली होती. आपल्या देशस्थांत मामाची मुलगी करतातच."

ती काही बोलली नाही. काका-काकूंना जोडणाऱ्या रेघेखाली तिने दुसरी रेघ ओढली. जवळच्या नात्यातल्या लग्नाला त्या शास्त्रात दुहेरी रेघ असते. मग पेन्सिल वर नेली: काकूवरून तिच्या वडिलांकडे, काकांवरून आजीकडे, आणि तिथून दोन्ही रेघा आजीच्या आईवडिलांपाशी जाऊन एक झाल्या.

"समजा," ती म्हणाली, "या दोघांपैकी एकाकडे सदोष जनुक होतं. एकानं काही होत नाही. जोडीचं दुसरं चांगलं असतं, ते भागवून नेतं. ते खाली उतरलं. आजीकडून काकांकडे, आजीच्या भावाकडून काकूआजीकडे. दोघंही ठणठणीत. पण दोघांची सदोष जनुकं एका बाळात आली की बाळ आजारी. चारांत एक, दर वेळी नव्यानं. सोंगट्यांचं दान असतं तसं. मागचं वाईट पडलं म्हणून पुढचं चांगलं पडत नाही."

"म्हणजे काकूमध्ये खोट नव्हती?"

"होती तर दोघांत सारखी होती. आणि काकांमध्ये आली ती आजीकडून." मग तिने घाईने हात वर केला. "हा अंदाज आहे हं, मामा. तपासायला काहीच उरलेलं नाही. पहिल्या दोघांचं वर्णन जुळतं. तिसरीचं तेच होतं की दुसरं काही, सांगता येत नाही. आणि दुहेरी रेघ म्हणजे गुन्हा नव्हे. सख्ख्या आते-मामे भावंडांनी लग्न केलं तर धोका इतरांपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वाढतो; बहुतेकांची मुलं चांगलीच होतात."

तिने आणखी एक हिशेब मांडला. अंदाज खरा असेल तर माझ्या वडिलांकडे ते जनुक असण्याचा संभव दोनांत एक. माझ्याकडे आणि ताईकडे चारांत एक. तिच्याकडे आणि माझ्या मुलाकडे आठांत एक. म्हणजे ज्या खोटीबद्दल घराने एका बाईला जन्मभर माजघरात ठेवले, ती कदाचित या टेबलाशी चहा पीत बसली होती.

वाचकहो, आता एक गोष्ट लिहायची आहे ती लिहून टाकतो. माझ्या मुलाच्या बारशाला काकू कऱ्हाडहून आली होती, हातांनी विणलेले टोपडे घेऊन. बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली तेव्हा कुणीतरी तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम सांगितले. कुणी सांगितले ते मला ठाऊक आहे. काकूलाही कळले. ती उठून गेली. मी मराठीचा प्राध्यापक, बोलण्यात न हटणारा. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही.

भाऊजींचे काय झाले ते थोडक्यात. मी त्यांना सांगितले की माझ्याने समजूत घालवली नाही. ते दोन दिवस रागावले आणि तिसऱ्या दिवशी तो गाळा तीन वर्षांच्या कराराने एका चष्मेवाल्याला दिला. "तीनच वर्षांचा," असे त्यांनी मला दोनदा बजावले. ताईने लखनौच्या थंडीसाठी स्वेटर घेतला.

जाण्याआधी भाची म्हणाली, काकूआजीला हे सांगायचं. मला ते पटेना. ऐंशीच्या घरातली बाई, काका जाऊन वर्षे झाली, आता खपली कशाला काढायची? भाची म्हणाली, "आधी तिला विचारू. नको म्हणाली तर नाही सांगणार." आम्ही एस.टी.ने कऱ्हाडला गेलो.

काकू ओसरीवर वाती वळत बसली होती. भाचीने विचारले, "काकूआजी, तुझी बाळं का गेली असतील त्याचा मला थोडा अंदाज आहे. ऐकायचाय तुला?" काकूने वाती बाजूला ठेवल्या आणि पदराला हात पुसले.

भाचीने कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि सांगितले. 'जनुक' हा शब्द एकदाही न वापरता सांगितले. दोन रंगांच्या वाती हातात घेऊन सांगितले. कुठे अंदाज आहे आणि कुठे तोही नाही, तेही सांगितले. मला वाटले काकू रडेल. ती बराच वेळ रेघांकडे बघत राहिली.

"म्हणजे सासूबाईंकडूनपण आलं होतं?"

"बहुतेक."

"त्यांना कळलं असतं तर फार लागलं असतं हो," काकू म्हणाली. मग तिने कागदावर बोट फिरवले. "यात माझी तिघं कुठं आहेत?"

भाचीने दाखवले. दोन चौकोन, एक वर्तुळ, तिन्हींवर तिरकी रेघ. नावे लिहायची होती, म्हणून तिने विचारली. काकूने दोन मुलांची नावे सांगितली. मी ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मुलीचे बारसे झालेच नव्हते, तेव्हा भाची ती जागा तशीच ठेवून पेन्सिलीला टोपण घालू लागली.

"थांब," काकू म्हणाली. "मनात ठेवलं होतं मी. कुणाला सांगितलं नाही."

भाचीने पेन्सिल पुढे केली. काकू चौथीपर्यंत शिकलेली. हात कापत होता. वर्तुळाखाली एकेक अक्षर लावायला तिला वेळ लागला, आणि आमची साडेचारची एस.टी. चुकली.